कळ कोणाची? लॅपटॉपवरील हॉट-की आणि लिनक्स कार्यप्रणाली : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

लॅपटॉप संगणकाच्या कळफलकावर अक्षरांच्या व अंकांच्या कळांखेरीज आणखी काही कळा असतात. त्यांवर अक्षराऐवजी चित्र छापलेले असते. कोठे किरणे फुटलेला सूर्य, कोठे कर्णा, कोठे चंद्रकोर, तर कोठे आडवी रेघ मारलेला मायक्रोफोन. कोपऱ्यातील ‘एफएन’ ही कळ दाबून धरावी आणि यांपैकी एखादी कळ दाबावी, म्हणजे पडद्याचा प्रकाश वाढतो, आवाज बंद होतो किंवा यंत्र निद्रिस्त होते. या कळांना ‘हॉट-की’ म्हणण्याचा प्रघात आहे. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हा व्यवहार इतका सरळ आहे की, त्यामागे काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

तथापि या कळा दाबल्यावर काहीच न होणे, भलतेच होणे किंवा एकच गोष्ट दोनदा होणे हा अनुभव १९९० च्या दशकापासून असंख्य वापरकर्त्यांना आलेला आहे. विशेषतः लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली लॅपटॉपवर बसवणाऱ्यांना तो वारंवार आला. त्याचे कारण केवळ तांत्रिक त्रुटी हे नव्हते. कळ दाबल्याची वार्ता प्रथम कोणाकडे जावी आणि तिच्यावर कृती करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न या यंत्रांच्या रचनेतच अनिर्णित राहिला होता. यंत्र बनवणारी कंपनी, कार्यप्रणाली आणि प्रत्यक्ष वापरणारा या तिघांमधील अधिकाराची ही वाटणी कशी बदलत गेली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अभ्यासासाठी लिनक्सची निवड सहेतुक केली आहे. विंडोज प्रणालीसाठी लॅपटॉपच्या उत्पादक कंपन्या आपापली हॉट-की उपयोजने स्वतःच लिहून देत असत. त्यामुळे कोणती कळ कोणता संकेत पाठवते ही माहिती कंपनीच्या आतच राही. लिनक्सच्या कार्यकर्त्यांना ही माहिती एकेका यंत्रावर प्रयोग करून मिळवावी लागली आणि मिळाली ती उघड नोंदवून ठेवावी लागली. इतिहासाच्या अभ्यासकास जसे दफ्तर, तसा लिनक्सच्या मूलसंहितेतील बदलांचा हा लेखाजोखा होय. कोणी, केव्हा व कोणत्या कारणाने काय बदलले, हे त्यात तारखेनिशी सापडते.

कळ, क्रमांक आणि एफएन

१९८१ साली आयबीएम कंपनीने बाजारात आणलेल्या पहिल्या पीसीच्या कळफलकावर ८३ कळा होत्या. हा कळफलक अक्षरे पाठवत नसे, कळेचा क्रमांक पाठवत असे. कळ दाबली की एक संकेत आणि सोडली की दुसरा संकेत, अशी ही पद्धत. त्या क्रमांकावरून कोणते अक्षर उमटवायचे हे कार्यप्रणालीने ठरवायचे. पुढे कळा वाढून १०१ झाल्या तेव्हा नव्या कळांच्या क्रमांकाआधी ‘ई०’ हा उपसर्ग जोडण्यात आला. दाबण्याचा एक व सोडण्याचा एक असे दोन संकेत, हा नियम मात्र कायम राहिला. हा नियम पुढे कसा मोडला गेला, ते यथावकाश येईल.

लॅपटॉपवर जागा कमी. म्हणून एकाच कळेकडून दोन कामे करून घेण्यासाठी ‘एफएन’ ही कळ आली. ही कळ ‘शिफ्ट’ किंवा ‘कंट्रोल’ यांच्या जातीची दिसते, पण तिचा व्यवहार निराळा आहे. ‘शिफ्ट’ दाबल्याचे कार्यप्रणालीला कळते, ‘एफएन’ दाबल्याचे बहुतेक यंत्रांवर कळतच नसे. लॅपटॉपच्या आत मुख्य प्रक्रियकाखेरीज एक लहान नियंत्रक असतो, त्यास ‘एम्बेडेड कंट्रोलर’ म्हणतात. बॅटरी, पंखा, तापमान आणि कळफलक यांवर त्याची देखरेख असते. ‘एफएन’ त्याच्यापाशीच थांबे.

आयबीएमच्या थिंकपॅड मालिकेचा आरंभ १९९२ साली झाला. या मालिकेत पुढे रूढ झालेली मांडणी उदाहरणादाखल पाहता येईल. ‘एफएन’सह ‘होम’ दाबल्यास प्रकाश वाढे, ‘एंड’ दाबल्यास कमी होई. ‘पेज-अप’ने कळफलकावर उजेड पाडणारा छोटा दिवा लागे. ‘एफ-४’ने यंत्र निद्रिस्त होई, ‘एफ-७’ने चित्र बाहेरच्या पडद्यावर जाई, ‘एफ-१२’ने यंत्राची स्थिती डिस्कवर साठवून ते बंद होई. यांतील काही कामे नियंत्रक परस्पर उरकी, तर काहींसाठी कार्यप्रणालीची मदत लागे. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या कळांमधील हा भेद यंत्रावर कोठेही लिहिलेला नसे.

फर्मवेअरचे राज्य

१९९० मध्ये इंटेलने लॅपटॉपसाठी ‘३८६ एसएल’ हा प्रक्रियक आणला. त्यात ‘सिस्टिम मॅनेजमेंट मोड’ नावाची एक अवस्था होती. विशिष्ट संकेत येताच प्रक्रियक चालू असलेली कार्यप्रणाली आहे तेथे थांबवी, उत्पादकाने बायोसमध्ये ठेवलेली आज्ञावली चालवी आणि पुन्हा कार्यप्रणालीस पूर्ववत सुरू करी. मधल्या काळात काय घडले, याची कार्यप्रणालीस गंधवार्ताही नसे. १९९२ साली इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी ‘एपीएम’ अर्थात ऊर्जा-व्यवस्थापनाचा पहिला सामाईक संकेत ठरवला. त्यामुळे बायोस आणि कार्यप्रणाली यांच्यात बोलणे सुरू झाले, पण निर्णय मुख्यत्वे बायोसकडेच राहिला.

या व्यवस्थेचे गुणही नमूद केले पाहिजेत. प्रकाश वाढवण्याची कळ डॉसमध्ये चाले, विंडोजमध्ये चाले, बायोसच्या निळ्या पडद्यावरही चाले. कार्यप्रणाली गोठून पडली तरी आवाज बंद करता येई. चित्र छापलेल्या कळेने दिलेले आश्वासन पाळण्याची हमी यंत्रच घेत असे. अडचण येई ती मेळ घालताना. काही थिंकपॅडांवर आवाजाच्या कळा एका स्वतंत्र विद्युत-मंडलावर काम करीत. पडद्यावरील ध्वनि-नियंत्रक पूर्ण आवाज दाखवी आणि प्रत्यक्षात यंत्र मूक असे. दोन्ही आपापल्या जागी खरे, पण वापरणारा बुचकळ्यात पडे.

अशा काळात लिनक्स वापरणाऱ्यांनी काढलेल्या युक्त्या मनोरंजक आहेत. काही थिंकपॅडांवरील आवाजाच्या व विशेष कळा दाबल्याची कोणतीही वार्ता कार्यप्रणालीस मिळत नसे, परंतु यंत्र बंद झाल्यावरही टिकणाऱ्या एका छोट्या स्मृतीत फर्मवेअर आवाजाची व प्रकाशाची पातळी टिपून ठेवी. ‘टीपीबी’ या छोट्या उपयोजनाने ही स्मृतीच ठरावीक अंतराने वाचण्याचा मार्ग धरला. मागच्या वेळी वाचलेला आकडा आणि आताचा आकडा यांत फरक पडला, म्हणजे मधल्या काळात कळ दाबली गेली असली पाहिजे. घरात कोणी येऊन गेले हे दारापाशी पाहून न ओळखता फडताळातील डबा हलला यावरून ओळखावे, तसा हा प्रकार होता. हीच पद्धत पुढे थिंकपॅडच्या अधिकृत ड्रायव्हरमध्येही सामावून घेण्यात आली व तेथे ती सेकंदास १० वेळा वाचन करी. डेल कंपनीच्या इन्स्पिरॉन ८००० या यंत्रासाठी २००१ च्या सुमारास लिहिलेला ‘आय-८-के’ ड्रायव्हरही बायोसला पुनःपुन्हा विचारूनच ‘एफएन’ कळांची स्थिती जाणून घेई.

एसीपीआय : अधिकाराचे हस्तांतर

डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ हे नवे विनिर्देश प्रसिद्ध केले. ऊर्जेसंबंधीचे निर्णय बायोसने नव्हे, कार्यप्रणालीने घ्यावेत, हे त्याचे मुख्य सूत्र होते. वापरणारा काय करीत आहे हे कार्यप्रणालीस ठाऊक असते, बायोसला नसते, असा त्यामागचा युक्तिवाद होता व तो रास्त होता.

या व्यवस्थेत हॉट-कीचा प्रवास थोडा लांबचा आहे. कळ दाबली की एम्बेडेड कंट्रोलर प्रक्रियकाकडे एक सर्वसाधारण संकेत पाठवतो. कार्यप्रणाली त्याला ‘काय झाले?’ असे विचारते. नियंत्रक उत्तरादाखल केवळ एक क्रमांक देतो. त्या क्रमांकाचा अर्थ काय, हे उत्पादकाने बायोसमध्ये ठेवलेल्या एका तक्त्यात ‘एएमएल’ या खास भाषेत लिहिलेले असते. कार्यप्रणाली तक्त्यातील त्या क्रमांकाची पद्धती चालवते. ती पद्धती अखेरीस एखाद्या उपकरणाच्या नावे सूचना काढते आणि त्या उपकरणाचा ड्रायव्हर सूचनेतील आकडा वाचून कळ ओळखतो. म्हणजे कृतीचा अधिकार कार्यप्रणालीकडे आला, पण अर्थ सांगण्याचा अधिकार उत्पादकाकडेच राहिला. पुढील अडचणींचे बीज येथे आहे.

विनिर्देशाने काही गोष्टी निश्चित केल्या होत्या. यंत्र सुरू-बंद करण्याचे बटन, निद्रेचे बटन आणि झाकण यांना ठरलेली ओळख होती. पडद्याच्या प्रकाशासाठीही पुढे आकडे ठरले. षोडशमान पद्धतीने लिहिलेला ८६ म्हणजे प्रकाश वाढवा, ८७ म्हणजे कमी करा. यापलीकडे आवाज, बिनतारी जाळे, टचपॅड, बाह्य पडदा, कंपनीचे स्वतःचे निळे बटन या सगळ्यांविषयी फारसे काही ठरलेले नव्हते. साहजिकच प्रत्येक उत्पादकाने आपापली तऱ्हा काढली.

लिनक्समध्ये २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ या आवृत्तीपासून एसीपीआयचा वापर सर्वदूर झाला. प्रत्येक तऱ्हेसाठी स्वतंत्र ड्रायव्हर लिहिणे प्राप्त झाले. तोशिबासाठी एक, असुससाठी एक, सोनीसाठी एक. थिंकपॅडसाठी बोरिस्लाव देयानोव्ह यांनी २००४ च्या सुमारास ‘आयबीएम-एसीपीआय’ हा ड्रायव्हर लिहिला. पुढे एन्रिक दे मोराइस होल्शू यांनी तो सांभाळला व २००७ मध्ये त्याचे नाव ‘थिंकपॅड-एसीपीआय’ झाले. या ड्रायव्हरसोबतचा दस्तऐवज मुळातून वाचण्याजोगा आहे. थिंकपॅडच्या फर्मवेअरमध्ये ३२ जागांचा एक मुखवटा आहे. ज्या कळेची जागा चालू, तिची वार्ता कार्यप्रणालीस मिळे. जी बंद, ती फर्मवेअर परस्पर हाताळी. सगळ्याच जागा चालू करण्याचा मोह आवरा, असा इशारा दस्तऐवजात दिलेला आहे. कारण काही यंत्रांवर प्रकाशाची कळ फर्मवेअर स्वतः हाताळतेच, तिची वार्ता वर पाठवली तर कार्यप्रणालीही प्रकाश वाढवील आणि एका दाबण्यात दोन पायऱ्या चढतील.

मायक्रोसॉफ्टच्या ‘डब्ल्यूएमआय’ या व्यवस्थेने आणखी एक वाट उघडली. अनेक उत्पादक हॉट-कीची वार्ता या मार्गाने पाठवू लागले. लिनक्सच्या गाभ्यात २००८ मधील २.६.२५ या आवृत्तीपासून ही वाट समजणारा ड्रायव्हर कार्लोस कोर्बाचो यांच्या प्रयत्नाने आला. तोवर एसर कंपनीच्या अनेक यंत्रांवरील कळा लिनक्सला अज्ञातच होत्या.

‘अज्ञात कळ दाबली गेली’

एसीपीआय व डब्ल्यूएमआय या वाटांव्यतिरिक्त तिसरी, सर्वांत जुनी वाटही वापरात राहिली. अनेक उत्पादकांनी हॉट-कीसाठी साध्या कळफलकाच्याच संकेतांतील मोकळे क्रमांक वापरले. लिनक्सच्या कळफलक-ड्रायव्हरला असा अनोळखी क्रमांक आला की तो प्रणालीच्या नोंदवहीत एक वाक्य लिही. अज्ञात कळ दाबली गेली, तिचा क्रमांक अमुक. तिला ओळख द्यावयाची असल्यास ‘सेटकीकोड्स ई०५८’ असे लिहून पुढे हवा तो कळक्रमांक द्यावा. यंत्राने चूक कबूल करून तिच्या दुरुस्तीचा उपायही सांगावा, असे उदाहरण संगणकाच्या व्यवहारात क्वचित आढळते.

या एका वाक्याने एका सामूहिक उद्योगास चालना दिली. जगभरातील वापरकर्ते आपापल्या यंत्रांवरील कळा एकेक करून दाबत, नोंदवहीतील क्रमांक टिपत, कळेवरील चित्राचे वर्णन लिहीत आणि ही माहिती कळवत. आरंभी ती ज्याच्या त्याच्या यंत्रावरच पडून राही. नंतर ‘हॅल’ या हार्डवेअर-माहिती व्यवस्थेत यंत्राच्या नाव-क्रमांकानिशी तिचे तक्ते झाले. हॅल मोडीत निघाल्यावर २००९ मध्ये मार्टिन पिट यांच्या कामातून हे तक्ते ‘यूडेव्ह’ या व्यवस्थेत गेले. २०१३ मध्ये त्यांना सिस्टिमडी प्रकल्पातील हार्डवेअर-कोशाचे रूप मिळाले. या कोशातील एकेक ओळ म्हणजे कोणा एका व्यक्तीने आपल्या टेबलावरील यंत्राचे केलेले निरीक्षण आहे. उत्पादकांपाशी ही माहिती पहिल्या दिवसापासून तयार होती, हे येथे विसरून चालणार नाही. ती न मागता मिळाली असती तर या श्रमांचा मोठा भाग वाचला असता.

कोशात काही क्रमांकांपुढे उद्गारचिन्ह दिसते. त्यामागची हकीकत अशी की, कित्येक यंत्रांचे फर्मवेअर हॉट-की दाबल्याचा संकेत पाठवी, पण सोडल्याचा पाठवतच नसे. पूर्वी सांगितलेला दोन संकेतांचा नियम येथे मोडला. दाबलेली कळ सुटल्याचे कळले नाही, तर ती दाबूनच धरली आहे असे कार्यप्रणाली समजते आणि तीच कृती पुनःपुन्हा करीत राहते. आवाज वाढवण्याची कळ एकदा टिचकावी आणि दुसरी कोणती तरी कळ दाबेपर्यंत आवाज वाढतच जावा, असे प्रकार घडत. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? अखेर अशा कळांच्या बाबतीत सुटल्याचा संकेत ड्रायव्हरनेच स्वतः निर्माण करावा, असे ठरले. उद्गारचिन्ह म्हणजे ही कळ आपण होऊन सुटत नाही, तिला सोडवावे लागते, अशी खूण होय.

एका कळेचे दोन धनी

कळ ओळखली गेली तरी तिच्यावर कृती कोणी करावी, हा प्रश्न राहिलाच. २००० च्या दशकात लिनक्सवर एसीपीआयच्या वार्ता ‘एसीपीआयडी’ ही पार्श्वभूमीत चालणारी सेवा ऐकत असे आणि तीनुसार छोट्या आज्ञावल्या चालवी. त्याच वेळी नोम व केडीई या डेस्कटॉप-प्रणालीही त्याच कळा इनपुट-व्यवस्थेमार्फत ऐकू लागल्या. परिणामी निद्रेची कळ दाबल्यावर यंत्र निद्रिस्त होई, जागे होताच दुसऱ्या धन्याची प्रलंबित आज्ञा अमलात येई आणि यंत्र पुन्हा निद्रिस्त होई. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, याचा अनुभव वापरकर्त्यांनी असा घेतला.

बिनतारी जाळ्याच्या कळेबाबत तर तीन धनी होते. काही यंत्रांवर फर्मवेअर रेडिओची वीज परस्पर तोडी, काहींवर केवळ वार्ता पाठवी आणि काहींवर दोन्ही करी. तिसऱ्या प्रकारात फर्मवेअरने चालू केलेला रेडिओ कार्यप्रणाली त्याच क्षणी बंद करी. २००७ मध्ये लिनक्समध्ये ‘आरएफकिल’ ही स्वतंत्र उपव्यवस्था आली. तिने यंत्राने घातलेली बंदी आणि कार्यप्रणालीने घातलेली बंदी असे दोन प्रकार वेगळे नोंदवण्यास आरंभ केला. पहिली आज्ञावलीने उठवता येत नाही, दुसरी येते. वाद मिटवण्याऐवजी तो व्यवस्थित नोंदवण्याचा हा मार्ग व्यवहारात उपयोगी ठरला.

२०१२ मध्ये सिस्टिमडी प्रकल्पातील ‘लॉगिनडी’ या सेवेने सुरू-बंदचे बटन, निद्रेची कळ व झाकण यांची जबाबदारी घेतली. एखाद्या डेस्कटॉप-प्रणालीस ती स्वतःकडे हवी असल्यास तिने तशी रीतसर रोखसूचना द्यावी, अशी तजवीज केली. रोखसूचना देणारा प्रोग्राम बंद पडला की सूचनाही संपे व अधिकार आपोआप मूळ सेवेकडे परते. आधीच्या दहा वर्षांतील गोंधळ पाहता हा बंदोबस्त शहाणपणाचा होता, असे म्हणावे लागते.

पडद्याच्या प्रकाशाचा वाद मात्र याच सुमारास नव्याने उफाळला. त्याचे मूळ एसीपीआयमधील एका विचित्र प्रथेत आहे. फर्मवेअर कार्यप्रणालीस ‘तू अमुक विंडोज आहेस काय?’ असे विचारू शकते व उत्तरानुसार आपले वर्तन बदलू शकते. बहुतेक यंत्रे विंडोजवरच तपासलेली असल्याने लिनक्स अशा प्रत्येक प्रश्नास होकार देते. ‘तू लिनक्स आहेस काय?’ या प्रश्नास मात्र २००७ पासून ते सामान्यतः नकार देते, कारण होकारानंतरची वाट उत्पादकांनी धड तपासलेली नसे. आपली ओळख लपवली तरच यंत्र नीट चालते, ही स्थिती मुक्त प्रणालीच्या पुरस्कर्त्यांना खटकणारी होती, परंतु दुसरा इलाज नव्हता. २०१२ मध्ये विंडोज ८ आले व लिनक्सने त्याच्या नावासही होकार देण्यास आरंभ केला. विंडोज ८ वर प्रकाश बदलण्याचे काम चित्रफलकाच्या ड्रायव्हरने करावे अशी अपेक्षा होती. होकार ऐकून अनेक थिंकपॅडांच्या व इतर यंत्रांच्या फर्मवेअरने आपले जुने काम सोडून दिले. लिनक्स मात्र जुन्याच मार्गाने प्रकाश बदलू पाहत होते. कळ दाबली की पडद्यावर पट्टी हले, पण प्रकाश तेवढाच राही. २०१३ मध्ये केलेला एक बदल काही यंत्रांवर उलटल्याने मागे घ्यावा लागला. २०१४ मध्ये नव्या मार्गास प्राधान्य मिळाले. तोवर यंत्र सुरू करतानाच ‘विंडोज २०१२ नव्हे’ असे फर्मवेअरला सांगण्याची युक्ती वापरकर्त्यांत रूढ झाली होती.

२५५ ची मर्यादा

लिनक्सच्या गाभ्यातून निघालेली वार्ता डेस्कटॉपपर्यंत नेण्याचे काम दीर्घकाळ ‘एक्स’ या चित्रखिडकी-व्यवस्थेने केले. तिचा आजचा संकेत १९८७ चा आहे. त्यात कळेच्या क्रमांकास केवळ एक बाइट दिला असल्याने २५५ हा सर्वांत मोठा क्रमांक ठरतो. पहिले आठ क्रमांक वापरावयाचे नाहीत असा नियम असल्यामुळे गाभ्यातील क्रमांकात ८ मिळवून तो एक्सला देण्याची रीत पडली. म्हणजे गाभ्यातील २४७ पर्यंतच्या कळा डेस्कटॉपला दिसतात. त्यापुढील दिसत नाहीत. सर्व रेडिओ बंद करणाऱ्या कळेस २४७ हा क्रमांक मिळाला व ती शेवटच्या जागेवर कशीबशी बसली.

२०११ मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड एक्स-२२० या यंत्रावर मायक्रोफोन बंद करण्याची स्वतंत्र कळ आली. तिच्यासाठी लिनक्सने क्रमांक दिला २४८. आठ मिळवल्यावर २५६ होतात आणि कळ डेस्कटॉपच्या दृष्टीने अस्तित्वातच राहत नाही. एका अंकाने हुकलेली ही कळ वापरात आणण्यासाठी हार्डवेअर-कोशात तिला ‘एफ-२०’ असे खोटे नाव देण्यात आले. सामान्य कळफलकावर ‘एफ-१२’च्या पुढे कळा नसतात. ‘एफ-१३’ ते ‘एफ-२४’ ही नावे आयबीएमच्या टर्मिनलांसाठी बनलेल्या १२२ कळांच्या कळफलकांवरून आलेली आणि बहुतांशी रिकामी पडलेली होती. त्यांतील ‘एफ-२०’ मायक्रोफोनला, ‘एफ-२१’ टचपॅड चालू-बंद करण्याला, ‘एफ-२२’ व ‘एफ-२३’ अनुक्रमे टचपॅड चालू व बंद करण्याला दिली गेली. खरे नाव दुसरेच असावयास हवे, अशी टीप कोशातील ओळींशेजारी लिहून ठेवलेली आढळते.

एक्सचा आणखी एक दोष या संदर्भात सांगण्यासारखा आहे. एखाद्या खिडकीतील यादी उघडी असताना किंवा पडदा कुलूपबंद असताना सगळा कळफलक एकाच प्रोग्रामच्या ताब्यात जाई. अशा वेळी हॉट-की ऐकणाऱ्या सेवेस काहीच ऐकू येत नसे. सभेत अचानक आवाज सुरू व्हावा, यंत्र कुलूपबंद असावे आणि आवाज बंद करण्याची कळ व्यर्थ ठरावी, हा प्रसंग अनेकांवर आला. १९९२ च्या फर्मवेअरने दिलेली हमी नेमकी येथे सुटलेली दिसते. २०१२ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या ‘वेलँड’ या नव्या संकेतात कळा प्रथम डेस्कटॉपच्या मुख्य प्रोग्रामकडेच जातात आणि एका बाइटची अटही नाही.

मायक्रोफोनची कळ आणि त्यानंतर

मायक्रोफोनच्या कळेने या इतिहासास वेगळे वळण दिले. प्रकाश वा आवाजाची कळ चालली नाही तर गैरसोय होते. मायक्रोफोन बंद केला असे दाखवणारा दिवा लागला आणि मायक्रोफोन चालूच राहिला, तर खासगीपणाचा भंग होतो. २०२० नंतर घराघरांतून वर्ग व सभा चालू झाल्या तेव्हा हा भेद प्राध्यापकवर्गासही चांगलाच उमगला असेल. अनेक यंत्रांवर हा दिवा कार्यप्रणाली लावते. म्हणजे दिव्याचे खरेपण कार्यप्रणालीच्या खरेपणावर अवलंबून असते. तिच्यात घुसखोरी झाली तर दिवाही खोटे बोलेल.

डेल कंपनीच्या काही लॅपटॉपांवर मायक्रोफोनची कळ दाबली की एम्बेडेड कंट्रोलर ध्वनीचा मार्ग स्वतःच तोडतो, यासाठीचा लिनक्स ड्रायव्हर २०२१ मध्ये गाभ्यात आला. कार्यप्रणालीस वार्ता मिळते, ती आपल्या बाजूने ध्वनी बंद करते व तशी पोच नियंत्रकास देते. पण अंतिम अधिकार तिचा नाही. मायक्रोफोन पुन्हा जोडणे तिच्या हाती ठेवलेले नाही. १९९६ मध्ये बायोसकडून काढून कार्यप्रणालीकडे सोपवलेली सत्ता येथे जाणीवपूर्वक परत दिली गेली आणि ती देताना लिनक्सच्या कार्यकर्त्यांनीही आक्षेपाऐवजी सहकार्य केले. वापरणाऱ्याचा विश्वास कोठे बसावा, हे कळेगणिक वेगळे असू शकते. सरसकट एकाच धन्याकडे सर्व कळा सोपवण्याची मूळ एसीपीआयची भूमिका त्यामुळे अपुरी वाटू लागते.

जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या कळफलकासाठी ‘कोपायलट’ ही नवी कळ जाहीर केली. ही कळ स्वतःचा नवा क्रमांक पाठवत नाही. डावी शिफ्ट, विंडोज-कळ आणि ‘एफ-२३’ या तीन कळा एकदम दाबल्याचा संकेत ती पाठवते. रिकामी म्हणून लिनक्सने टचपॅड बंद करण्यासाठी वापरलेली ‘एफ-२३’ हीच येथेही रिकामी म्हणून निवडली गेली. लिनक्सच्या कळ-तक्त्यात त्यानंतर एकाच कळेपुढे दोन अर्थ लिहावे लागले. ‘एफ-२३’ एकटी आली तर टचपॅड बंद, शिफ्ट व विंडोज-कळ यांच्यासह आली तर साहाय्यकाची हाक.